बशीतलं दूध

नगर,
१२ जानेवारी

ती. नाना,

सविताचा नमस्कार. पत्र बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. रेश्माताई धरणाच्या भिंतीवर आल्या तरच त्यांना फोन लागतो, आणि तुम्ही फोनवर आलात की "हां, बरं, ठेव" यापलीकडे जात नाही. तेवढ्यात माझं काही सांगून होत नाही. तुम्ही पेपर वाचता तसं हे सावकाश, चष्मा लावून वाचा. आधी एकट्याने वाचा, मग ताईंना, तुमच्या लेकीला, दाखवायचं तर दाखवा.

तुम्ही पाच तारखेला चहाही न घेता पिशवी उचलून गेलात, त्याला आज आठवडा झाला. वस्तीवर सगळं ठीक आहे. चंद्री आज-उद्याकडे व्यायला झाली आहे. तुमचे चिरंजीव भिंगारची ड्युटी करून येतात आणि धारा काढायला बसतात, पण मोरी गाय त्यांना पान्हा सोडत नाही. काल तिने बादली लाथाडली. तुमचे चिरंजीव म्हणाले, हिला नाना पाहिजेत.

ज्ञानूही ठीक आहे. थोडी बारीक झाली आहे, पण आहार बदलला की सुरुवातीला असं होतं म्हणतात. दुधाचं तर तिने आता नावच टाकलंय, समोर धरलं तरी तोंड फिरवते. म्हणजे पथ्य लागू पडतंय असंच म्हणायचं.

त्या दिवशी मी जे बोलले ते रागाच्या भरात बोलले. तुम्ही मनावर घेऊ नका. तिकडे थंडी फार असेल, कानटोपी घालत जा.

पत्र नगरमधून टाकतेय. जरा काम होतं म्हणून आले होते.

सविता

---

वस्ती, घोडेगाव,
२१ जानेवारी

ती. नाना,

मागचं पत्र खोटं होतं. नगरला माझं काही काम नव्हतं. ज्ञानूला तिथे दवाखान्यात ठेवलं होतं आणि ते पत्र मी तिच्या कॉटला टेकून लिहिलं. आता घरी आणली आहे, जिवाला धोका नाही, हे आधी वाचून घ्या आणि मग पाणी पिऊन पुढचं वाचा.

आता सगळं सांगते, कारण तुम्हालाही त्यातलं अर्धंच माहीत आहे. दिवाळीनंतर मी मोबाईलवर एक कोर्स घेतला होता. त्या बाई सांगायच्या, ऑटिझम म्हणजे सगळा आतड्याचा बिघाड. दूध, गहू, साखर बंद करा, आतडं दुरुस्त होईल आणि तीन महिन्यांत मूल बोलायला लागेल. नाना, ज्ञानूला सहा वर्षं पूर्ण झाली आणि तिने मला अजून आई म्हटलेलं नाही. भर दुपारी तापल्या खडकावर अनवाणी उभी राहा, म्हणजे बोलेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी उभी राहिले असते. त्यापुढे दूध बंद करणं काय मोठं होतं?

पण ज्ञानू मोजून चार गोष्टी खायची. दूध, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, तिची ती बिस्किटं आणि उकडलेला बटाटा. मी एका दिवसात दूध आणि बिस्किट काढून घेतलं. भाकरीला बंदी नव्हती, पण दुधावाचून ती भाकरीला हात लावेना. मग उरला बटाटा.

तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला चुलीपाशी येऊन सांगितलं होतं. शब्दन् शब्द आठवतो. "बाजारातनं नवी गाय आनली की आपन तिच्या जुन्या दावनीची वैरन पोतंभर संगं आनतो. आठ-धा दिस तीच घालायची, त्यात आपली मूठमूठ मिसळायची. एकदम बदललं तर जनावर खात न्हाई, आन् खाल्लं तर फुगतं. हे तर लेकरू हाय सविता." आणि मी काय म्हणाले? माझी लेक म्हणजे तुमच्या गोठ्यातलं जनावर नाही. तुम्ही मान खाली घालून बाहेर गेलात.

मग चार तारखेला मी तुम्हाला गोठ्यामागे पकडलं. तुम्ही बशीत दूध ओतून तिच्या तोंडापुढे धरून बसला होता. तेव्हा मी जे बोलले ते मागच्या पत्रात "रागाच्या भरात" म्हणून झाकून टाकलं. आज लिहिते. मी म्हणाले, माझ्या पोरीचं वाटोळं कुणी केलं असेल तर ते तुम्ही. शेजारच्या आसाराम भाऊंनीही ऐकलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी असं बोलले. नाना, मला माफ करा.

तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी ज्ञानूने मनगट चावून रक्त काढलं. भिंतीवर डोकं आपटत होती. त्या कोर्सच्या गटात विचारलं तर उत्तर आलं, आतली घाण बाहेर पडतेय, खंबीर राहा. मी खंबीर राहिले! नऊ तारखेला तिला उलट्या सुरू झाल्या आणि तुमचे चिरंजीव माझं काही न ऐकता तिला उचलून गाडीत घालून निघाले. फोटो काढला तर पोट मळाने गच्च भरलेलं. किती दिवस झाले होते ते मला सांगता येईना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मागच्या महिन्यात वजन किती होतं? मला तेही सांगता येईना. गावातल्या छत्तीस पोरांची वजनं मी अंगणवाडीत दर महिन्याला घेते, मोबाईलमध्ये भरते, एखादं पोर अर्धा किलो उतरलं तर त्याच्या आईला फैलावर घेते. आणि माझी पोर नोव्हेंबरात अठरा किलो होती ती पंधराच्या खाली आली, तोवर मी तिला काट्यावर उभी केली नव्हती. दिसत होतं म्हणूनच केली नव्हती.

बाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ऑटिझम पोटातून आलेला नाही आणि पोट साफ झालं म्हणून जाणारही नाही. पण या मुलांना बद्धकोष्ठ पुष्कळदा असतं, आणि दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. ती मनगट चावत होती ना, ते सांगणंच होतं." मी तिथेच रडले. सगळं पुन्हा सुरू करा म्हणाल्या, जे ती खायची ते सगळं.

बिस्किट तिने घरी आल्या आल्या घेतलं. दूध मात्र घेत नाही. मी रोज धरते, ती ओठ मिटून भिंतीकडे तोंड करते. जे दूध मी तिच्या तोंडून काढून घेतलं तेच आता माझ्याकडून घेत नाही. ते का, हे मला कळत नाही.

चंद्रीला कालवड झाली. तुमच्या चिरंजिवांनी आणि आसाराम भाऊंकडच्यांनी खरवस खाल्ला, मी नाही.

सविता

---

वस्ती, घोडेगाव,
८ फेब्रुवारी

ती. नाना,

तुमचं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहीत राहते. आज मला तुमचे उपकार मानायचे आहेत आणि त्यासाठी मला कुणाची परवानगी नको.

मागच्या आठवड्यात दवाखान्यातल्या आहाराच्या ताईंकडे गेलो. कोवळी पोर, चोवीस-पंचवीसची असेल. मला समजावत होती, नवा पदार्थ एकदम द्यायचा नाही, जुना ओळखीचा पदार्थ सोडायचा नाही, त्याच ताटलीत, त्याच जागी, जुन्यात नवं चिमूटभर मिसळायचं आणि आठ-दहा दिवस तेवढंच ठेवायचं. मला हसू फुटलं. ती गोंधळली, म्हणाली काय झालं? मी म्हटलं, ताई, हे माझे सासरे घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या गाईंना करतात आणि मला नोव्हेंबरातच सांगून बसलेत. तिने ते चक्क कागदावर लिहून घेतलं. तुमच्या जुन्या दावणीच्या वैरणीवर आता नगरात पोरं पोसली जाणार आहेत, ध्यानात ठेवा.

तर बिस्किटाच्या चुऱ्यात मी भाकरीचा चुरा मिसळायला लागले. पहिले चार दिवस चिमूटभर, तोही तिच्या डोळ्यांदेखत. पाचव्या दिवशी घाई केली, जरा जास्त घातला, तर बाईसाहेबांनी वाटी सरळ उलटी केली. पुन्हा चिमटीवर आले. आता चुऱ्यात पाव हिस्सा भाकरी आहे. आमचा वेग तुमच्या मोरीपेक्षा कमी आहे, पण ज्ञानू माझ्याजवळ बसून खाते, उठून पळत नाही.

पोट साफ व्हायला पावडर दिली आहे, ती पाण्यात. जेवण झालं की दहा मिनिटं बसवायचं, आणि पाय अधांतरी नकोत, टेकलेले हवेत. तुमच्या चिरंजिवांनी त्यासाठी देवघरातला पाट उचलून नेला. मी म्हटलं, अहो देवाचा पाट! तर म्हणतात, देवाला काय, तो उभाच आहे. शेवटी गहिनीनाथ सुताराकडून दुसरा करून आणला. रोजचं झालं-नाही झालं मी कॅलेंडरच्या मागे लिहिते. सलग सहा दिवस झालंय. पहिल्या दिवशी झालं तेव्हा आम्ही दोघं नवराबायको संडासाच्या दारात उभे राहून लग्नात हसलो नसू तेवढे हसलो.

मनगट चावणं पुष्कळ कमी झालंय. रात्री झोपते. सकाळी कालवडीच्या गळ्यातली घुंगरं हलवत गुणगुणत बसते.

फक्त दूध नाही. बाई म्हणतात, तिच्या अंगावर मांस दुधानेच होतं, वजन वाढायचं तर ते परत यायला हवं. वजन पंधराला अडलंय. मी पेला बदलून बघितला, कोमट केलं, गार केलं, भाकरी कुस्करून दिली. वास आला तरी लांब जाते.

तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू, तो तुमचा हक्क आहे. पण एवढं एकच कळवा. मी बंद केल्यावरही ती तुमच्या बशीतून पीत होती ना? तुम्ही कसं पाजत होता?

सविता

---

शेंडी, तालुका अकोले
१७ फेब्रुवारी

सविता पोरी,

तुला, कल्यानला आन् लेकराला माजा आशीर्वाद. तुजी तिनी पत्रं पोचली. मला लिवायला टाइम लागतो, सातवी हुन पन्नास वर्सं झाली.

पयलं सांग, पोरीचं पोट रोज साफ हुतं तर कसं हुतं. खड्यावानी का मऊ. कळा येत्यात का. लाजू नको, मी रोज गायांचं बगतो.

तुला वाटतंय तू बोललीस म्हनून मी गेलो. तसं न्हाई. सून बोलली म्हनून घर सोडनारा मी न्हाई. तुजी सासू याच्या दुप्पट बोलायची, चाळीस वर्सं ऐकलं. तू खरं सांगितलंस म्हनून आता मलाबी सांगाय पायजे.

तू दूध बंद केल्यापासनं मी तिला रोज चोरून बशीभर दूध देत हुतो. ती गोठ्यामागं आपून यायची, बशी दोनी हातानं धरायची आन् पेऊन जायची. मला वाटायचं, सून शिकल्याली हाय, तिला कळतंय, पर लेकराची भूक मला बघवत न्हाई.

मग तीन तारखंला तिच्या पोटाला हात लागला तर दगडावानी लागलं. मी म्हनलं हे फुगलंय. गाय फुगली की आपन तेल पाजतो. मी येरंडेल आनलं आन् दोन चमचं त्या दुधात घातलं. तुला इचारलं न्हाई, तुला इचारायचं तर दूध देतो हेबी सांगावं लागलं असतं. पोरीनं एक घोट घेतला आन् माज्याकडं बगितलं. सविता, ती कवा कुनाच्या डोळ्यात बगत न्हाई. त्या दिशी बगितलं. मग थुकलं आन् गेली. दुसऱ्या दिशी मी साधं दूध घिऊन बसलो, त्यात कायबी न्हवतं, तर तिनं तोंड मिटून घेतलं. मी नुसती बशी धरून बसल्यालो, तेवढ्यात तू आलीस. तू जे बोललीस ते मला खरंच वाटलं.

रेश्मानं भिंतीवरनं फोन केला तवा कळलं पोरगी दवाखान्यात हाय. मला वाटलं माज्या तेलानंच झालं. कुनाला बोललो न्हाई. हितं जावयाच्या दारात बसून धरनाचं पानी बगतो. तू आभार मानतीस ते मला सोसत न्हाई. आता त्या लेकराला तोंड दावायची माजी छाती न्हाई. तुमी सुकात ऱ्हावा.

पुंजाराम

---

वस्ती, घोडेगाव,
२५ फेब्रुवारी

ती. नाना,

तुमचं पत्र गोठ्यात उभ्याने वाचलं. खोटं कशाला सांगू, आधी राग आला. चांगलाच आला. गव्हाणीवर हात आपटून घेतला. म्हटलं मी इथे महिनाभर पेले बदलत बसले आणि हे तिकडे धरणाचं पाणी बघत बसले! मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि ती तुमच्याकडे बघते त्या ओळीशी आले आणि तिथेच खाली बसले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मऊ होतं. कळा नाहीत.

आता दुसरं उत्तर. मी त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तीन वेळा सांगितलं म्हणून मीही तीन वेळा लिहिते. तुमच्या तेलाने काही झालेलं नाही. एक घोट, तोही थुंकलेला, त्याने काही झालेलं नाही. पोट कित्येक आठवड्यांपासून भरत आलं होतं, तुमच्या तेलाने काही झालेलं नाही. पुन्हा मनाने काही पाजू नका, असं मात्र बजावलंय, आणि ते बजावणं तुमच्याइतकंच मलाही आहे. पोट दगडासारखं लागलं हे घरात फक्त तुम्हाला कळलं होतं, नाना. आई असून मला कळलं नव्हतं. तुम्ही मला विचारलं नाही म्हणता, पण विचारायला जागा मीच ठेवली नव्हती.

दूध का सुटलं ते मात्र आता कळलं. बाई म्हणाल्या, या मुलांचा दोन-चार पदार्थांवरच विश्वास असतो. त्यात कुणी लपवून काही घातलं की पदार्थ बिघडला असं त्यांना वाटत नाही, त्यांच्या लेखी तो पदार्थच गेला. औषध द्यायचं ते उघड, वेगळं द्यायचं.

हे ऐकून मी फोन ठेवला आणि कबुली द्यायची वेळ माझ्यावर आली. डिसेंबरात ज्ञानूने आठ दिवस बटाटा सोडला होता, आठवतं? मी तुम्हाला म्हटलं होतं बटाटे जुने निघाले. बटाटे चांगले होते. कोर्सच्या बाईंनी सांगितलेल्या कॅप्सूल मी फोडून त्यात कालवत होते. तुम्ही एकदा केलंत, मी आठ दिवस केलं. तुम्ही निदान तिच्या डोळ्यांत बघितलंत. मी तिच्याकडे पाठ करून कालवत होते.

तुम्ही हे कळवलं नसतं तर मी काय काय केलं असतं कोण जाणे. मी आणखी काहीतरी मिसळायलाच निघाले होते, तिला कळणार नाही असं, थोडा गूळ. उद्यापासून तो बेत बंद. तुमच्या त्या एका पत्राने माझ्या लेकीची पुढची फसवणूक टळली. ते लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते तुमच्या अक्षरावरून कळतं. तुमच्याइतका खरा माणूस माझ्या माहेरीही नाही, आणि हे मी माझ्या वडिलांसमोर म्हणेन.

आता असं ठरवलंय. ज्ञानू रोज सकाळी धारेच्या वेळी गोठ्यात बसेल. कासेतून बादलीत, बादलीतून पातेल्यात, पातेल्यातून पेल्यात, सगळं तिच्यासमोर. मध्ये कुणी काही घालणार नाही. पेला तिच्यापासून हातभर लांब ठेवायचा आणि आपण आपल्या कामाला लागायचं. घे म्हणायचं नाही.

तोंड दाखवायची छाती नाही असं लिहिलंत. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

सविता

---

वस्ती, घोडेगाव,
२३ मार्च

ती. नाना,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. पेला ठेवायचा, पेला उचलायचा. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी तिने पेला जवळ ओढला, बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला आणि ते बोट कालवडीच्या तोंडात घातलं. तुमचे चिरंजीव म्हणाले, माल तपासून घेतेय. आणखी चार दिवस कालवडीनेच बोट चाटलं.

मंगळवारी तिने स्वतः चाटलं. काल सकाळी मोरीची धार काढून मी नेहमीप्रमाणे पेला ठेवला आणि शेण गोळा करायला वळले. मागे वळले तेव्हा पेला तिच्या दोन्ही हातांत होता. पाव पेला प्यायली, नाना. पांढऱ्या मिशा आल्या होत्या. मी शेणाच्या पाटीसकट उभी, हलायची भीती वाटत होती.

आज अंगणवाडीच्या काट्यावर तिला सगळ्या पोरांच्या आधी उभी केली. सोळा किलो दोनशे. दूध तर आत्ता सुरू झालंय, हे सगळं दीड महिन्याच्या भाकरी-बटाट्याचं.

परवा नगरला तिची मोठी तपासणी झाली, दोन तास. निकाल मागच्या वर्षीचाच आहे. ती बोलत नाही, आणि बोलेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. मागच्या वर्षी हाच कागद घेऊन मी स्टँडवर ढसाढसा रडले होते. या वेळी कागद घडी करून ठेवला आणि आम्ही तिघं उसाचा रस प्यायलो, म्हणजे आम्ही दोघं. तिने आपल्या डब्यातला चुरा खाल्ला. ती बरी झालेली नाही. तिचं दुखायचं थांबलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शिकायला मला एवढं सगळं करावं लागलं. त्या कोर्सचा गट मी सोडला. जाता जाता लिहून आले, माझ्या मुलीचं वजन तीन किलो घटलं होतं, बायांनो, आधी पोरं काट्यावर उभी करा. मला लगेच काढून टाकलं, पण तिघींचे मागाहून फोन आले.

आता तुमचं. तुम्ही समोर आल्यावर ज्ञानू काय करील ते मी सांगू शकत नाही. तुमच्या हातून घेईल अशी खोटी आशा लावणार नाही. कदाचित बरेच महिने घेणार नाही. पण मीही तिला फसवलं होतं, आणि रोज तिच्यासमोर उघड्या हाताने बसले, तेव्हा काल तिने मी ठेवलेला पेला घेतला. तुम्हीही तसेच बसा. तिने तोंड फिरवलं तर फिरवू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. तुमच्या वयाच्या माणसाला हे सांगायला मला संकोच वाटतो, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही, आणि तिकडे पाण्याकडे बघत बसणं हा रस्ता नाही.

म्हणून आम्ही तिघं येतोय. रविवारी पाडवा आहे, शनिवारी पहाटे निघतो, संगमनेरला गाडी बदलून दुपारपर्यंत शेंडीला पोचू. एसटीत पाच-सहा तास ज्ञानूला घेऊन बसायचं म्हणजे मागच्या वर्षी मला स्वप्नातही जमलं नसतं. डबा तिचा तिच्याबरोबर असेल, ताईंना वेगळं काही करायला सांगू नका. तुम्ही येत नाही म्हणालात तरी आम्ही येणार, आणि नाही म्हणालात तर मी ताईंच्या ओसरीवर मुक्काम ठोकणार.

मला तुमच्या पाया पडायचं आहे, नाना. ते पत्रातून होत नाही.

तुमची सून,
सविता